आलेखातलं अकोले

दादाला डायलिसिसला बसवून मी केडगावच्या घरी आले, कुकर लावला आणि फोन वाजला. सेंटरमधली सिस्टर म्हणाली, "मावशी, लगेच या." याआधीही अशी बोलावणी आली होती आणि धावतपळत जाऊन बघावं तर हा पलंगावर बसून बिस्कीट खातोय. त्यामुळे खरं सांगते, आधी मी वैतागलेच. गॅस बंद केला, रिक्षा पकडली, पुणे रोडच्या गर्दीला शिव्या घातल्या… पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. महिना झाला आता. रडून झालंय माझं. उरलाय तो नुसता शीण, झोपून उठलं तरी न जाणारा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये त्याची सगळी नोकरी झाली. उसातून रोज किती साखर निघाली, त्या उताऱ्याचा आलेख तो आधी हाताने काढायचा. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा एक्सेल आधी त्यानेच शिकून घेतलं आणि मग नव्या पोरांच्या मागे लागला. त्याचं भांडण एकाच गोष्टीवरून. तारीख लिहिताना मधे टिंबं द्यायची आपल्याला सवय. शाळेच्या फळ्यापासून आपण तशीच लिहीत आलो. पण एक्सेलला ती तारीख वाटतच नाही, नुसती अक्षरं वाटतात. मग आलेखात सगळे ठिपके सारख्या अंतरावर बसतात, मधे आठ दिवस गेलेले असोत नाहीतर सहा महिने. "टिंब न्हाई रे बाबांनो, तिरकी रेघ द्या! काळ दिसला पायजे काळ!" हे मला पाठ आहे, कारण भाऊबीजेच्या पाटावर बसूनही तो हेच सांगायचा आणि वहिनी कपाळावर हात मारून घ्यायची.

वहिनी गेली आणि तो माझ्याकडे राहायला आला. मधुमेहानं त्याची मूत्रपिंडं थकत चालली होती. ती किती थकली हे रक्तातल्या क्रिएटिनीनच्या आकड्यावरून कळतं. आधी ती तपासणी सहा महिन्यांनी व्हायची, मग महिन्याने, मग आठवड्याला. प्रत्येक आकडा दादा शीटवर टाकायचा. डॉक्टर म्हणत होते, डायलिसिस सुरू करा, उशीर करू नका. हा मला स्क्रीनसमोर बसवायचा. "बघ शोभे, चढ हाय, पर सावकाश हाय. एवढी घाई कशाला?" रेघ दिसायचीही सावकाश. मी जन्मभर मराठी शिकवलेली बाई, आलेखाशी काय भांडणार? पण त्याच्या पायांवरची सूज मला दिसत होती, दोन पायऱ्या चढून लागलेली धाप ऐकू येत होती. जेवणाच्या ताटावर आमची रोज जुंपायची.

त्यातच हट्टाने अकोले तालुक्यात गेला. लॅबमधले त्याचे जुने सोबती बांबळेभाऊ तिकडे डोंगरातल्या गावी भात पिकवतात. कापणी बघून येतो म्हणाला आणि महिनाभर राहिला. ना तपासणी, ना फोन. शेवटी मीच केला, तर बांबळेभाऊ हसत म्हणाले, "ताई, काळजी नका करू. लई खुशीत हायेत. खळ्यावर बसून आमा सगळ्यांना हुकूम सोडत्यात." मी चिडून फोन ठेवला. आला तेव्हा पिशवीभर तांदूळ घेऊन आला. चेहरा उजळला होता, रिपोर्ट मात्र वाईट आला. पुढचे आठवडे ते आकडे वरच चढत राहिले.

एका संध्याकाळी त्याचे डोळे दुखत होते म्हणून आकडा टाकायला मी बसले. वरच्या ओळी बघते तर काय, साऱ्या तारखांना टिंबं!

"दादा, ही टिंबं कुणी टाकली रे?"

डोळ्यांवरचा हात त्याने खाली घेतला. मग म्हणाला, "मीच. माहीत हाय मला. पर असं बघायला बरं वाटत हुतं गं…"

इतका राग आला मला! पण वळून बघितलं तर तो शाळेत पकडलेल्या पोरासारखा खाली मान घालून बसलेला. माझा राग गेला. "बदलू का?" मी विचारलं. "बदल," तो म्हणाला आणि कसं ते त्यानेच सांगितलं.

टिंबांच्या जागी तिरक्या रेघा आल्या आणि आलेख डोळ्यांदेखत हलला. आधीची वर्षं लांब पसरली, शेवटचे महिने उजव्या कोपऱ्यात दाटले आणि तिथे रेघ सरळ उभी राहिली. मग दादा पुढे वाकला. त्या चढाच्या मधेच दोन ठिपक्यांत बोटभर अंतर पडलं होतं. "हे अकोलं," तो म्हणाला. "टिंबांच्या नादात हे पण गायब झालं हुतं की!" त्याने मला तिथे एक ओळ वाढवायला लावली, मधली तारीख टाकून आकड्याचा रकाना रिकामा ठेवायला लावला. तेवढी रेघ तुटली. जोडलेली राहिली असती तर काय बिघडलं असतं, मी विचारलं.

"तिथं कुठं मोजलं आपण? तिथं मी बरा हुतो. राहू दे मोकळं." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "उद्या डॉक्टरला फोन लाव. करू सुरू."

मग आठवड्यातून तीनदा रिक्षा, तो गार हॉल, कधी बाहेरच्या बाकावर मी, कधी घरी स्वयंपाकाला. आठवड्याचा आकडा मात्र शीटवर पडत राहिला. तो थकला, मीही थकले. "पुढल्या कापणीला जाऊ," तो म्हणायचा, मी हो म्हणायचे. जाणं काही झालं नाही.

परवा त्याची लेक पुण्याहून आली होती. "आत्या, त्या खोलीतला कॉम्प्युटर देऊन टाकूया का?" म्हणाली. मी म्हटलं, राहू दे गं. सकाळचा चहा झाला की मी तिथे जाऊन बसते. त्या दिवसाची तारीख टाकते, तिरक्या रेघा देऊन, आणि आकड्याचा रकाना रिकामा ठेवते. रेघ जिथे थांबली तिथेच असते, तिच्या उजवीकडची कोरी जागा तेवढी थोडी वाढते. आज सकाळी बोट लावून बघितलं… अकोल्याएवढी झाली आहे.