रिकामं समजलेलं टेबल

बुद्धरत्नचा फोटो कंपनीच्या कॅन्टीनमधल्या फळ्यावर लागला तेव्हा त्याच्या आईने, चतुराबाईंनी, कासारवाडीतल्या सगळ्या गल्लीला बुंदी वाटली. मुलाने नेमकं काय केलं ते त्यांना नीट सांगता येत नव्हतं. "दिवसभराचं काम आता जेवायच्या आत उरकतं त्याच्यामुळं," एवढंच त्या सांगायच्या, आणि ते खरंही होतं.

चाकणच्या त्या कंपनीत ब्रेकचे सुटे भाग बनतात. त्यांच्या मापांवरून पुढे किती माल बिघडेल याचा अंदाज बांधणं हे बुद्धरत्नचं काम. 'आर' नावाच्या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत तो हे गणित करायचा. तीच आकडेमोड हजारो वेळा. त्याचा एकटा कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत घरघरत बसे. असं काम अनेक कॉम्प्युटरांत वाटायची तयार सोय त्या भाषेत असते, पण शॉपवरच्या, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष काम चालतं तिथल्या, जुन्या कॉम्प्युटरांशी ती जुळेना. म्हणून काम वाटणारा भाग, ज्याला बॅकएंड म्हणतात, तो त्याने स्वतःच लिहिला. दिवाळीच्या फराळाला शेजारणी बसतात, एकीकडे लाटणं, एकीकडे सारण भरणं, एकीकडे तळण, तसंच ते. शिवाय कुकर लावला की आपण कणीक मळायला घेतो, शिट्टीची वाट बघत उभं राहत नाही. त्याचा प्रोग्रॅमही काम धाडून द्यायचा आणि उत्तर येईपर्यंत दुसऱ्या कामाला लागायचा.

फरक एवढाच, की फराळाला शेजारणींना बोलावणं जातं. बुद्धरत्नने मोठ्या साहेबांना विचारलं होतं, टेबलावर बसणाऱ्यांना नाही. काही वेळ की-बोर्डला किंवा माउसला हात लागला नाही, की तो कॉम्प्युटर रिकामा समजायचा आणि त्यावर काम टाकायचं. हात लागला की काढून घ्यायचं. असा नियम त्याने घातला आणि निश्चिंत झाला.

तपासणीच्या एका टेबलावर रुपाली होती. लातूरकडची, कंत्राटावर लागलेली, कासारवाडीतच जरा पुढे राहणारी. एकदा कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवरून म्हणाली, "दादा, तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? माझा लई अडकायलाय बघा. माप घेतलं की नुसता फिरतच बसतो."

"रीस्टार्ट कर," तो फोनवरची नजर न काढता म्हणाला.

"केला की. परत तेच."

"मग परत कर."

तिने पुन्हा विचारलं नाही.

सकाळची शिफ्ट सुरू होण्याआधी सगळे गोल करून उभे राहतात, सुरक्षेची शपथ घेतात आणि सुपरवायझर ज्ञानेश आदल्या दिवशी कुणी किती भाग तपासले ते आकडे वाचून दाखवतो. तो चाकणचाच, जुन्या घरातला, आवाजाला मोठा. "रुपालीबाई, आकडा परत खाली. हात चलाख म्हणून माप घ्यायचं नवं गेज तुमाला दिलं. आता दिवसभर मोबाईल बघता व्हय?"

कुणीतरी हसलं. "कॉम्प्युटर अडकतोय," ती म्हणाली.

"बाकीच्यांचा न्हाई अडकत तो?"

तिचं कंत्राट महिनाअखेर संपत होतं आणि ते पुढे चालवायचं नाही असं ज्ञानेशने ऑफिसात कळवूनही टाकलं होतं. बुद्धरत्न त्या गोलातच उभा होता. बघत असेल मोबाईल, त्याच्या मनात आलं.

दोन-तीन दिवसांनी नव्या गेजची मापं बघायला तो तिच्या टेबलापाशी गेला. रुपालीने डाव्या हाताने भाग उचलला, उजव्याने गेजखाली धरला आणि पायाने खालचं पेडल दाबलं. बाकीच्या टेबलांसारखं टाइप न करता माप आपोआप कॉम्प्युटरात जायला हवं होतं. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. ती भाग हातात तसाच धरून, पाय पेडलवर ठेवून थांबली. की-बोर्ड बाजूला सारलेला होता. त्याच्या प्लॅस्टिकच्या कव्हरवर तेलकट धुळीचा थर बसला होता.

की-बोर्डला हात लागत नव्हता, कारण दोन्ही हात कामात होते. सबंध शॉपमध्ये जिचे हात क्षणभरही मोकळे नव्हते, तिलाच त्याचा प्रोग्रॅम रिकामी समजत होता.

"काय झालं, दादा?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि जागेवर जाऊन त्याने टेबलांवर काम टाकणं बंद केलं.

आता तिचा आकडा वर गेला असता आणि कुणाला काही कळलंही नसतं. पण तोवर महिना संपून तिचं कंत्राट गेलं असतं. त्या दिवशी बसमध्ये तो मुद्दाम तिच्यापासून लांब, पुढे बसला. तो घरी आल्यावर डबा तसाच भरलेला बघून आईने कारण विचारलं, तसं त्याने सांगून टाकलं. चतुराबाईंनी भोसरीच्या वर्कशॉपात माल तपासत उभ्याने आयुष्य काढलेलं. त्यांनी त्याला एका शब्दानेही टोचलं नाही.

"तिला बोलले ते कुठं?"

"सकाळच्या मीटिंगमध्ये."

"मग तिथंच सांग."

"सगळ्यांसमोर?"

"तिला काय कोपऱ्यात घेऊन बोलले होते?"

दुसऱ्या दिवशी शपथ झाल्यावर तो पुढे आला. रात्री मनात जुळवलेली वाक्यं ऐन वेळी विस्कटली. "रुपालीचा कॉम्प्युटर माझ्यामुळे अडकत होता. माझं गणित मी त्यावर चालवत होतो. तिला न विचारता. आकडा खाली गेला तो माझ्यामुळे."

"म्हंजी फळ्यावर फोटो तुमचा आन् आकडा हिचा व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं. या वेळी हसलं कुणीच नाही. ज्ञानेश डोकं खाजवत म्हणाला, "आमी बी लई बोललो राव. ऑफिसात सांगतो मी."

रुपाली त्याच्याकडे बघत होती. "मी तुम्हालाच विचारलं होतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच त्याला ते जास्त लागलं.

कंत्राट राहिलं. बुद्धरत्नने फळ्यावरचा आपला फोटो उतरवायला लावला आणि नियमही बदलला. आता शिफ्टच्या सुरुवातीला प्रत्येक टेबलाच्या पडद्यावर प्रश्न येतो: तुमचा कॉम्प्युटर अधूनमधून वापरू का? बाकीची टेबलं बहुतेक वेळा 'हो' म्हणतात. रुपालीच्या टेबलावरून रोज 'नाही' असंच उत्तर येतं. गणित जेवायच्या आत उरकत नाही, दुपार होते. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "एक टेबल कामात असतं."

बसमध्ये ती अजून त्याच्या मागेच बसते. उतरताना वाट हवी असली की म्हणते, "सर, जरा सरकता?" दादा म्हणायचं तिने सोडलं आहे.

तो पाय आवरून घेतो.