कुंभारीची वाट आणि शिवाप्पाची शिडी

वकिलाच्या कारकुनाला किस्से जमवावे लागत नाहीत. पक्षकार येतो, रडतो, पुढची तारीख घेऊन जातो आणि किस्सा मागे ठेवून जातो! सोलापूरच्या कोर्टात बाररूमबाहेरच्या बाकावर आम्ही कारकून मंडळी तेच चघळत बसायचो. जवळच्या कुंभारी गावातल्या एका वाटेचे किस्से माझ्याकडे होते. सगळे पोट धरून हसायचे. मीही हसायचो. आता त्याची लाज वाटते.

*

शिवाप्पाचं घर आत, रस्ता बाहेर आणि मधे दुसऱ्याची मोकळी जागा. तिच्यातून बापजाद्यांपासूनची वाट. ती जागा बसलिंगशेट नावाच्या व्यापाऱ्यानं घेतली आणि वाटेवर बाभळीचे काटे टाकले. शिवाप्पा धावत आमच्या तात्यासाहेब वकिलांकडे आला.

तात्यासाहेब म्हणाले, "वीस वर्षं उघडपणे, कुणाची परवानगी न घेता गेला असाल किंवा दुसरा रस्ताच नसेल, तर वाट तुमची. परवानगीनं गेला असाल, तर ती नुसती मेहेरबानी!"

शिवाप्पा चाचरत म्हणाला, "म्हंजे शेजाऱ्याशी गोडीनं ऱ्हायलेलं कोर्टाला चालत न्हाय व्हय?"

मी बाकावर जाऊन हे सांगितलं. खूप हशा पिकला.

*

तोवर जायचं-यायचं कसं? मागच्या भिंतीपलीकडे चुलतभावाचं अंगण होतं. शिवाप्पा म्हणाला, "भितीत एक दार पाडू दे."

भाऊ म्हणाला, "शिडी लाव की, दादा. दार न्हाय. आज दार दिलं, तर ईस वर्सानं तू माझ्यावर बी दावा लावशील!"

गड्यानं कायदा आमच्या ज्युनिअर वकिलापेक्षा लवकर उचलला होता. साठीतली गंगव्वा, शिवाप्पाची बायको, त्या दिवसापासून कमरेवर घागर घेऊन शिडी चढायला लागली.

*

मग कोर्टानं जागेची पाहणी करायला कमिशनर पाठवला. तरुण वकील, पांढरी पाटलोण. काट्यांतून येणार कसा? शिवाप्पानं गावातून दुसरी शिडी मागून आणली. एकीवरून चढायचं, दुसरीवरून उतरायचं! पाटलोण मळू नये म्हणून भिंतीवर घोंगडं अंथरलं. स्वतः हात धरून साहेबांना उतरवलं. गंगव्वानं गरम भाकरी, शेंगांची चटणी आणि ताक पुढे ठेवलं. साहेब दोन भाकऱ्या जेवले.

रिपोर्टात लिहिलं, "वादीच्या घरी जाण्यास दुसरा मार्ग आहे. मी स्वतः त्याने सुखरूप गेलो."

झालं! काटे हटवायचा तात्पुरता हुकूम कोर्टानं नाकारला. तात्यासाहेबांनी शिवाप्पाला फैलावर घेतलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "चटनी लई तिखट झाली व्हती का त्यास्नी?"

*

आमचा मुख्य साक्षीदार म्हातारा धोंडीबा. त्याला महिनाभर पढवलं होतं. शेटच्या वकिलानं मऊ आवाजात विचारलं, "आजोबा, जागेचे जुने मालक कसे होते हो?"

मेलेल्या माणसाला वाईट कोण म्हणेल? धोंडीबा खुलला. "लई मोठ्या मनाचा मानूस! शिवाप्पाला रोज म्हनायचा, जा की खुशाल, माझी कशाला ना असंल?"

मेहेरबानी शाबीत! तात्यासाहेबांनी कपाळावर हात मारला. धोंडीबा मात्र बाहेर येऊन मला विचारतो, "ब्येस बोललो न्हवं?"

*

पुढचा किस्सा मी बाकावर कधी सांगितला नाही.

एका सकाळी शिवाप्पा गेला. तात्यासाहेबांनी मला कुंभारीला पाठवलं. बघतो तर बसलिंगशेटनं काटे बाजूला केलेले आणि स्वतः हात जोडून उभा. "आजच्या दिवस इथून न्या. माझी परवानगी आहे." शेजारी दोन माणसं होती. दुखवट्याला आलेली नव्हती, साक्षीला आणलेली होती!

गंगव्वानं माझ्याकडे पाहिलं. "नेऊ का हो तितनं?"

आजही वाटतं, त्या वेळी माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "नेलंत तर दावा गेला, अव्वा."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "मग शिडी लावा."

त्यांच्यात, लिंगायतांत, मेलेल्या माणसाला विमानात, म्हणजे सजवलेल्या मखरात, बसवून नेतात. विमान काही भिंतीवरून जाईना. शिवाप्पाला घोंगड्यात गुंडाळून पलीकडे उतरवलं आणि मग भावाच्या अंगणात विमानात बसवलं. घोंगडं तेच होतं, कमिशनरसाठी अंथरलेलं. अलीकडे शिडी गंगव्वानं धरली होती.

*

वारस म्हणून तिची जबानी झाली. शेटच्या वकिलानं विचारलं, "नवऱ्याचं प्रेत कुठून नेलं?"

"भितीवरनं."

"म्हणजे त्या वाटेवाचून भागलं?"

"त्यांचं भागलं, सायेब. शिडी धराया मी व्हते. माझी बारी आल्यावर कोन धरनार?"

न्यायाधीशांनी टाक दौतीत बुडवला, लिहिलं आणि वाचून दाखवलं, "वाटेवाचून भागले."

पुढचंही वाचतील म्हणून गंगव्वा वाट बघत उभी राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "अन् शिडीचं?"