बदली आल्याशिवाय

पाळी संपल्याशिवाय आजारीसुद्धा न पडणारा माणूस जगात एकच झाला असेल, आणि ते म्हणजे माझे मोठे साडू, आमचे भाऊ. घुग्घुसच्या कोळसा खाणीत त्यांनी उभी हयात काढली आणि रिटायर होताना तिथला एक कायदा घरी घेऊन आले: बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. बदली म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. तो समोर उभा राहिला, त्याला चार्ज दिला, की मग आपण मोकळे. ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, दूध गॅसवर ठेवून शेजारी गेली, की हे दुधासमोर पहाऱ्याला उभे. माझ्या मुलीच्या बारशाला यांना पाळणा हलवायला बसवून आम्ही जेवायला गेलो आणि साफ विसरलो. पंगती उठल्या, भांडी घासून झाली, मुलीला मावशीनं केव्हाच उचलून नेलं होतं, आणि हे रिकामा पाळणा हलवतच होते. वर माझ्यावरच डाफरले, "मले कोणी मोकळं केलंच नाई, तर मी उठू कसा?"

त्यांच्या गल्लीत सगळी पाळीवर जाणारी माणसं. घराच्या चाव्या कुठं ठेवायच्या, हा तिथला रोजचा प्रश्न होता, तो भाऊंनी सोडवला. घरापुढच्या ओट्यावर भिंतीला सात खिळ्यांची एक फळी ठोकली, खाली खुर्ची टाकली, आणि सकाळी सहा ते दुपारी दोन अशी स्वतःची पहिली पाळी सुरू केली. त्याच खुर्चीवरून साडेसातला मला चंद्रपूरला फोन. भाऊंचं वाक्य वांग्याच्या भाजीपासून निघायचं आणि वीस वर्षांपूर्वी वादळात उडालेल्या छपराच्या टिनावर जाऊन थांबायचं. मी फोन आरशापुढं ठेवून निवांत दाढी करायचो आणि मधूनमधून "हो ना भाऊ" म्हणायचो. खरं सांगतो, कंटाळा यायचा.

दम त्यांना जुनाच. "दम नाई, धूळ आहे," म्हणायचे आणि पंप ओढायचे. पुढं डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं, की फुप्फुसाचा हा आजार जाणार नाही, पण सांभाळता येईल. थुंकीचा रंग बदलला, पंपानं दम बसेना, किंवा एक वाक्य एका दमात पुरं होईना, की वाट पाहायची नाही, लगेच निघायचं. भाऊंनी मान डोलावली आणि म्हणाले, "येतो न साहेब. फक्त दोन वाजल्यानंतर."

एका सकाळी फोन आला. "बरा आहे. ठेवतो." बस, एवढंच. मी खूश झालो. बायकोला म्हणालो, भाऊ सुधारले बरं का. ती पोळी लाटता लाटता थांबली. "भाऊंचं वाक्य तीन शब्दांत संपलं? गाडी काढा."

मी पोचलो तेव्हा भाऊ खुर्चीत वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून बसले होते. ओठ काळपट पडलेले. ताईंनी बोलावलेला ऑटो दाराशी कधीचा उभा होता. "सकाळपासून सांगून राह्यली, उठतच नाई. दोन वाजू दे म्हणतात," ताई रडत म्हणाल्या. मी विनवलं, रागावलो, हाताला धरलं. हलायला तयार नाहीत. ताईंकडे चाव्या द्या म्हटलं, तर म्हणाले, "ते तर... माह्यासंगं... दवाखान्यात येईन."

मग मला काय सुचलं कोण जाणे. मी चपला काढल्या, त्यांच्यासमोर ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "भाऊ, बदली आली. चार्ज द्या."

त्यांनी माझ्याकडं वर पाहिलं. मग एकेक चावी दाखवत, धापा टाकत सांगू लागले, "तीन नंबर... सून येईन. तिलेच द्या. पाच नंबर... कुलूप अडते." सातही चाव्या झाल्या. मग उठले आणि ताईंच्या खांद्यावर हात ठेवून ऑटोत जाऊन बसले. दोनपर्यंत थांबले असते तर हाती लागले नसते, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मी मात्र दोनपर्यंत चाव्या वाटत बसलो होतो.

त्यानंतर आमचं ठरलं. थुंकीचा रंग बदलला की त्याच दिवशी फोन यायचा, "बदली पाठवा." मी जायचो, चार्ज घ्यायचो, ते वेळेत दवाखान्यात जायचे आणि आठवड्याभरात परत येऊन माझ्याकडून चार्ज घ्यायचे. असे आम्हाला भाऊ आणखी तीन वर्षं मिळाले. शेवटच्या वेळीही ते वेळेतच निघाले. ऑटोवाला ताटकळला होता आणि हे पाच नंबरच्या कुलपाबद्दल मला लांबच लांब वाक्यात समजावत होते. मला वाटलं, एवढं बोलून राह्यले म्हणजे येतात चार दिवसांत. यावेळी फुप्फुसांनीच साथ सोडली.

आता साडेसातला दाढी करताना फोन समोरच असतो. कुणाचं तरी वांग्यापासून टिनापर्यंतचं वाक्य ऐकायला जीव तडफडतो. रविवारी मी घुग्घुसला जातो. गल्लीतले लोक अजून चाव्या तिथंच अडकवतात. मी खुर्चीवर बसतो. दोन वाजता तीन नंबरची सून येते, पाच नंबरवाला येतो, फळी रिकामी होते. ताई आतून म्हणतात, "झाली न पाळी, या जेवाले." मी हो म्हणतो, पण लगेच उठवत नाही. त्यांनी चार्ज माझ्याकडे दिला होता, आणि परत घ्यायला अजून कोणी आलेलं नाही.