रांग सोडायला तयार नसलेली सहा कार्डे

टोकियोतल्या ओजिमाला आल्यानंतरचे पहिले वर्ष मी बाकावर बसून काढले. पुण्यात मी शाळेत विज्ञान शिकवत असे. नवऱ्याला टोकियोतल्या एका बँकेच्या संगणकप्रणालीचे काम मिळाले, आणि अशा नवऱ्यांसोबत आलेल्या आम्हा बायकांना जी पहिली गोष्ट करावी लागते ती मीही केली: वसाहतीजवळच्या सार्वजनिक सभागृहात जपानी भाषेचा मोफत वर्ग लावला. आठवड्यातले काही तास ‘आरुबाइतो’, म्हणजे अर्धवेळ नोकरी, करण्याची परवानगी मला होती. ओळखीच्या काही जणी डबे भरण्याच्या कारखान्यात जात. मला मात्र शिकवायचे होते, आणि माझ्या तुटक जपानीला वर्ग कोण देणार, हा प्रश्न होता. दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट.

आमच्या वर्गाशेजारच्या खोलीत पक्षीनिरीक्षकांचे एक मंडळ भरे. सभासद बहुतेक निवृत्त. नदीच्या मुखाशी असलेल्या दलदलीत सकाळी जाऊन ते पक्षी मोजत आणि दुपारी त्या खोलीतून ओसाकाच्या मंडळाला कळवत. त्या वेळी भिंतीपलीकडून आधी बारीक शीळ ऐकू येई, मग घरघर, मग शांतता. एकदा मधल्या सुटीत मी आत डोकावले. फोनच्या तारेला जोडलेला मोडेम, त्याच्याशेजारी एक जुना संगणक, आणि काळ्या पडद्यावर एकेक ओळ उमटत असलेली जपानी अक्षरे. घरोघरी इंटरनेट येऊ लागले असताना ही मंडळी अजून जुन्याच पॅकेट-जाळ्यावरून लिहीत होती.

मंडळाचे चिटणीस टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले अभियंते होते. मी विचारले आणि त्यांनी सांगितले. ते इतक्या क्रमाने सांगत की, भाषा अपुरी असूनही मला सगळे समजले. ते असे.

टोकियोहून ओसाकाला थेट फोन लावला, तर दोन शहरांमधली एक अख्खी वाट तुमच्यासाठी अडवली जाते. तुम्ही लिहीत असा, विचार करीत असा किंवा चहा ओतून घेत असा. ती वाट तुमचीच आणि तिचे भाडेही तुमचेच. पॅकेट-जाळ्यात तसे नसते. सभासद फोन लावत तो टोकियोतल्याच जवळच्या केंद्राला, म्हणजे स्थानिक दराने. तिथे एक यंत्र बसलेले असे. तुम्ही टंकलेली अक्षरे ते जमवत राही. एंटरची कळ दाबली, की त्या अक्षरांचे एक पाकीट करून ते अनोळखी लोकांच्या पाकिटांमागोमाग एकाच तारेवरून पुढे सोडी. तुम्ही विचार करत थांबलात, तर तीच तार दुसऱ्याच्या कामी येई. ओसाकात मंडळाचा संगणक त्या पाकिटांतून अक्षरे काढून पुन्हा वाक्य करी. आकारणी मुख्यतः किती मजकूर गेला यावर होई. म्हणून हौशी माणसाला हे जाळे परवडे, आणि म्हणूनच ही मंडळी मजकूर आधी लिहून, तपासून, मग फोन लावत. सर्वांत वयस्कर सभासद, ऐंशी ओलांडलेले आजोबा, अजून ‘वापुरो’वर, म्हणजे जुन्या जपानी लेखनयंत्रावर, घरून मजकूर तयार करून आणत.

पण ओसाकाचे मंडळ आता इंटरनेटवर जाणार होते. या सगळ्यांना नवीन पद्धत शिकणे भाग होते, आणि सभागृहाच्या व्यवस्थापक बाईंनी ज्येष्ठांसाठी इंटरनेटचा वर्ग काढायचे ठरवले होते. त्यांना शिकवणारे कोणीतरी हवे होते. मी पुण्यात शिक्षिका होते हे ठाऊक असल्याने चिटणिसांनी माझे नाव सुचवले. बाईंनी मला नीट पाहून घेतले आणि म्हणाल्या, “आधी मंडळापुढे एक नमुना पाठ घ्या. पॅकेट म्हणजे काय, एवढेच. मग पाहू.”

त्या पाठावर माझा वर्ग अवलंबून होता. मी घरी येऊन तयारीला लागले. पुण्यात हा विषय मी मुलांना एका खेळातून शिकवला होता. एका वाक्याचे तुकडे करून चिठ्ठ्यांवर लिहायचे, प्रत्येक चिठ्ठीवर क्रमांक आणि पत्ता घालायचा, आणि शेवटच्या बाकावरून फळ्यापर्यंत, ज्या बाकावरून वाट मोकळी दिसेल तिथून, पुढे पाठवायच्या. पुण्यातल्या मुलांना मोकळी वाट शोधायला सांगावे लागले नाही. चौथी चिठ्ठी पहिलीच्या आधी आली, एक कोणाच्या तरी खिशात राहिली, आणि फळ्यापाशी उभ्या मुलीने क्रमांक पाहून वाक्य जुळवले. खेळ हमखास चाले.

नवरा कोरे कागद कापायला बसला. “जपानीत सांगशील ना?” त्याने विचारले.

“वाक्ये लिहून पाठ केली आहेत.”

“आणि त्यांनी प्रश्न विचारला तर?”

“‘हाय’ म्हणेन.” जपानीत ‘हाय’ म्हणजे ‘हो’.

“म्हणजे तू माझ्या कंपनीत चालशील,” तो म्हणाला.

पाठाच्या दिवशी दहाबारा सभासद आले. व्यवस्थापक बाई मागे खुर्ची घेऊन बसल्या. मी फळ्यावर तीन गोल काढून जाळे दाखवले, खोलीत तीन टेबले मांडली आणि प्रत्येकावर एकेका सभासदाला बसवले. ही झाली मधली केंद्रे. खिडकीशी टोकियो, दाराशी ओसाका. ओसाकात चिटणीस. वाक्य मंडळाच्याच कामाचे घेतले होते: आज सकाळी नदीच्या मुखाशी चिखल्या पक्ष्यांचा थवा उतरला. त्याची सहा कार्डे केली, टोकियोतल्या सहा जणांना दिली, आणि पाठ केलेले वाक्य म्हटले, “जे टेबल मोकळे दिसेल तिथून पाठवा.”

पहिले कार्ड डावीकडच्या टेबलावरून गेले. दुसरे कार्ड एका टोपीवाल्या आजींकडे होते. त्याही उठून डावीकडच्याच टेबलाशी गेल्या आणि थांबल्या, कारण तिथला माणूस पहिले कार्ड ओसाकाला पोचवण्यात गुंतला होता. मधल्या आणि उजव्या टेबलावरचे दोघे मांडीवर हात ठेवून बसून होते.

“हे टेबल मोकळे आहे,” मी म्हटले. “इकडून पाठवा.”

“पण आधीचे कार्ड तिकडून गेले आहे,” टोपीवाल्या आजी म्हणाल्या.

“चालेल. वाट वेगळी असली तरी चालते.”

“मग क्रम चुकेल.”

“चुकू द्या.”

शिक्षिकेच्या तोंडून हे शब्द येतील अशी कोणाचीच अपेक्षा नसावी. टोपीवाल्या आजींनी कार्ड छातीशी धरले आणि माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. परदेशी बाईंना शब्द सापडत नाही, असा त्यांचा समज झाला असावा. तेवढ्यात ओसाकातून चिटणिसांचा आवाज आला, “पहिले मिळाले.” डावीकडचा माणूस म्हणाला, “हाय.” मग कुठे आजींनी आपले कार्ड त्याच्या हाती दिले आणि त्याने ‘मिळाले’ म्हणेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.

चौथे कार्ड वापुरोवाल्या आजोबांकडे होते. त्यांनी खिशातून कागदाचा कपटा काढला आणि कार्डावरचा मजकूर त्यावर उतरवून घेतला.

“हे कशाला?” मी विचारले.

“वाटेत हरवले तर? मिळाल्याचे कळले, की फाडून टाकीन.”

खिडकीशी बसलेल्या एका गृहस्थांनी मला ‘ओकुसान’, म्हणजे बाईसाहेब, अशी हाक मारली आणि म्हणाले, “आमचे चिखल्या पक्षी अजून वाटेतच आहेत. ओसाकाला पोचेपर्यंत त्यांचा परतीचा मोसम येईल.”

सगळे हसले, मीही हसले. पण मागे व्यवस्थापक बाई हसत नव्हत्या. माझा खेळ हातातून गेला होता. मी मधल्या टेबलापाशी उभी राहून पुढचे वाक्य आठवत होते, आणि समोर पाचवे कार्ड त्याच टेबलावरून, त्याच शिस्तीत, त्याच ‘मिळाले’, ‘हाय’ने चालले होते. ते पाहता पाहता मला चिटणिसांनी सांगितलेली एक गोष्ट आठवली. मी ती तपशील म्हणून ऐकली होती. या जाळ्यात फोन लागला, की सर्वांत आधी एक रिकामे पाकीट वाट शोधत ओसाकापर्यंत जाते. ती वाट ठरली, की त्या फोनची सगळी पाकिटे तिच्यावरूनच जातात, रांगेने. म्हणून प्रत्येकावर पूर्ण पत्ता लिहावाच लागत नाही. वाटेचा छोटा क्रमांक पुरतो. आणि प्रत्येक केंद्र पाकिटाची प्रत सांभाळून ठेवते, पुढच्या केंद्राने पोच दिली की मगच पुसते.

मी शिकवत होते इंटरनेटची रीत. समोर बसलेले लोक, मी नको म्हणत असताना, त्यांच्या स्वतःच्या जाळ्याची रीत पाळत होते.

सहावे कार्ड पोचेपर्यंत मी थांबले. मग फळ्यावरची माझी आकृती पुसली आणि तिन्ही गोलांच्या जागी एकच रेघ काढली. पाठ केलेली वाक्ये आता उपयोगाची नव्हती. मी मोडक्या जपानीत सांगितले, “माझी आकृती दुसऱ्या जाळ्याची होती. तुमचे जाळे तुम्ही आत्ता करून दाखवलेत. पहिले कार्ड गेले, ती वाट ठरली. ‘मिळाले’ म्हणजे पोच. आजोबांचा कपटा म्हणजे केंद्राने ठेवलेली प्रत.” आजोबांनी हातातल्या कपट्याकडे पाहिले आणि तो न फाडता परत खिशात ठेवला. चिटणीस दोनदा मान हलवून म्हणाले, “हाय, हाय.”

“काही प्रश्न?” मी विचारले.

कोणीच काही विचारले नाही. सभासदांनी खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या, कप धुऊन ठेवले, वाकून नमस्कार केला आणि गेले. बाई म्हणाल्या, “कष्ट घेतलेत. आम्ही विचार करू.”

घरी मी हे सांगताच नवऱ्याने जेवणाचे ताट बाजूला सारले. “‘विचार करू’ म्हणाल्या? नेमके हेच शब्द?”

“हेच.”

“मग संपलं गं. आमचा क्लायंट असं म्हणाला, की आम्ही ती फाईलच डिलीट करतो.”

“मी शेवटी बरोबर सांगितलं होतं.”

“शेवटी! अगं, इथे आधी चुकून मग बरोबर केलेलं कुणाला आवडतं?”

त्याच्या बोलण्यात तथ्य असावे असे मलाही वाटले. पुढच्या वर्गाला गेले तेव्हा शेजारच्या खोलीकडे मी पाहिलेही नाही. व्यवस्थापक बाईच बाहेर आल्या आणि मला कार्यालयात घेऊन गेल्या.

“त्या दिवसापासून सभासद मला एकच प्रश्न विचारत आहेत,” त्या म्हणाल्या. “तुम्ही म्हणालात, क्रम चुकू द्या. क्रम चुकूनही बातमी बरोबर कशी पोचते?”

“त्यांनी मला का नाही विचारले?”

“सर्वांदेखत? तुम्ही फळा पुसत असताना?” बाईंना माझ्या प्रश्नाचे नवल वाटले. “नव्या जाळ्यात तसे होते ना? मग ते शिकवून दाखवा. मात्र त्यांना रांग मोडायला लावाल कशा, ते मला ठाऊक नाही.”

तेच मलाही ठाऊक नव्हते. उत्तर सापडले आमच्या वसाहतीच्या अंगणात. कचऱ्याच्या जागेची सफाई या महिन्यात कोणी करायची, हे तिथल्या बायका ‘आमिदाकुजि’ने ठरवत. कागदावर उभ्या रेघा, मध्ये कुठेही आडव्या रेघा, आणि एकेका रेघेवरून बोट खाली आणत जायचे. आडवी रेघ लागली की वळायचे. बोट जिथे उतरेल ते आपल्या वाट्याचे. त्यावर कोणी वाद घालत नसे, कारण निवड कोणीच केलेली नसे.

दुसऱ्या पाठाला मी फळ्यावर ती जाळी काढली. प्रत्येकाने आपल्या रेघेवरून बोट फिरवायचे, आणि खाली जे टेबल निघेल तिथूनच कार्ड न्यायचे. डाव्या टेबलावरच्या माणसाला मी मुद्दाम सावकाश काम करायला सांगितले होते. ते केंद्र गर्दीचे. टोपीवाल्या आजींना डावे टेबल आले. मागून निघालेल्या वापुरोवाल्या आजोबांना उजवे. त्यांनी ते दोनदा तपासले. मग आजींच्या शेजारून पुढे जाताना थांबले, वाकले आणि संध्याकाळी कार्यालयातून सहकाऱ्यांच्या आधी निघणारा माणूस म्हणतो तेच वाक्य म्हणाले, “तुमच्या आधी जातो, क्षमा असावी.”

“सांभाळून जा,” आजी म्हणाल्या, “आणि ओसाकाला सांगा, मी येतेच आहे.”

सगळी खोली हसली. या वेळी मागच्या खुर्चीवरूनही आवाज आला. ओसाकात चौथे कार्ड आधी पोचले, मग पहिले, मग सहावे, पाचवे आणि शेवटी दुसरे. चिटणिसांनी ती क्रमांकाप्रमाणे टेबलावर लावली आणि एक जागा रिकामी ठेवली. तिसरे कार्ड मी स्वतःच वाटेत काढून घेतले होते. “तिसरे आले नाही,” ते टोकियोकडे पाहून ओरडले. “पुन्हा पाठवा!” मधल्या टेबलांना त्या कार्डाची काहीच खबर नव्हती, ती चिंता आता दोन टोकांची होती. तिसरे कार्ड ज्यांच्याकडे होते त्यांनी ते नव्याने लिहून दिले. थवा नदीच्या मुखाशी उतरला.

प्रश्न या वेळी आले. सर्वांत आधी आजोबांनी विचारले, “वाट ठरलेली नसेल, तर प्रत्येक कार्डावर पूर्ण पत्ता लिहायचा? केवढी शाई वाया!” मी म्हटले, “हो, तेवढी जाते. पण एखादे केंद्र बंद पडले, तर वाट बदलता येते.” त्यांनी थोडा विचार केला आणि तडजोड मान्य असल्यासारखी मान हलवली.

मंडळी गेल्यावर मी फळा पुसत होते. व्यवस्थापक बाई आल्या, त्यांनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “दर गुरुवारी दहाला. ही खोली उत्तरेकडची आहे. हिवाळ्यात हीटर अर्धा तास आधी लावावा लागतो, तेव्हा तुम्हाला साडेनऊला यावे लागेल.”

मी “हाय” म्हटले आणि किल्ली घेतली.