जोडीचे करे
धानाच्या कोंड्याचा धूर नाकात गेला की काका आठवतो आणि संताप येतो. आम्ही सावली गावाकडचे कुंभार. पन्नासच्या दशकातली गोष्ट. लग्नाच्या मांडवात मांडायचे दोन जुळे करे, म्हणजे छोटी मडकी, आईनं मळलेल्या एकाच मातीतून घडवले होते. कोंड्याचा आवा, म्हणजे भट्टी, रचताना आई म्हणाली, "जोडी एकमेकाला लागून ठेवा, भाऊजी, आच सारखी लागू द्या." काकानं रांजणांसाठी जागा करायला एक करा मधोमध ठेवला, दुसरा पार कडेला. मधला लालबुंद भाजला, कडेचा पिवळट राहिला. नवरीच्या बापानं जोडी परत केली, तेव्हा काका म्हणाला, "वहिनीनं मातीच बरोबर मळली नाई." मी ओरडले, "माती एकच होती, तुमीच करे दूर ठेवले." काकाची थोबाडीत बसली. पुढे मी संगणकाच्या चिपचे आराखडे काढू लागले. एकसारखे चालायला हवेत असे दोन ट्रान्झिस्टर लांब ठेवून, ते वेगवेगळे चालू लागल्यावर कुणी त्यांच्या मातीला, सिलिकॉनला, दोष दिला, की माझा गाल अजून चुरचुरतो.