रूबेनच्या दगडावरची ओळ

१० नोव्हेंबर, दुपारी दोन. दोन बादल्या पाणी, एक मऊ ब्रश. तारेचा ब्रश चालत नाही, अक्षरं जातात. ब्रॅम्पटनहून तीन तास ड्राइव्ह करून मी दरवर्षी या छोट्या गावात येते आणि कबरीवरचा एक जुना दगड धुते. हे काम कॉर्पोरल रूबेनचं. तो गेल्यापासून मी करते.

दगड त्याच्या खापरपणजोबांचा. ते केंटकीत गुलाम होते. तिथून पळाले, सीमेवरची नदी ओलांडून ओंटारिओत आले, शेतावर कामाला लागले. इथे ते मोकळे होते. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तेव्हा पुन्हा नदी ओलांडून गेले आणि उत्तरेच्या काळ्या सैनिकांच्या रेजिमेंटमध्ये भरती झाले. कोणी पाठवलं नव्हतं. आई तिकडे गुलामीतच मागे राहिली होती.

हे रूबेनने मला ट्रकमध्ये सांगितलं. मी मूळची नागपूरकडची, आडनाव मेश्राम. आठवडाभर वेअरहाऊसमध्ये डिस्पॅच, वीकेंडला आर्मी रिझर्व्हची सार्जंट. तो माझा ड्रायव्हर. मला 'सार्जंट एम' म्हणायचा.

एकदा मी म्हटलं, "ते युद्ध राज्यांच्या हक्कांवरून झालं, असं वाचलं होतं."

"कसला हक्क, सार्जंट एम? माणूस विकायचा. दक्षिणेला गुलामी नव्या मुलखात न्यायची होती. ती अडवणारा अध्यक्ष निवडून आला, तशी राज्यं फुटली. फुटताना त्यांनी स्वतःच तसं लिहून दिलं. हक्क हरल्यावर आठवले."

"माझ्या आजोळच्या गावातले सवर्णही सांगतात, आमच्या वस्तीशी भांडण विहिरीच्या पाण्यावरून झालं. जातीचा काही संबंध नव्हता म्हणे."

तो इतका हसला की कोपर हॉर्नवर पडलं. "म्हणजे कारण बदलणारी तीच बटालियन तुमच्याकडेही आहे!"

"आणि त्या युद्धाचा शेवट काय झाला?"

"चार वर्षांनी उत्तर जिंकली. गुलामी कायद्याने संपली. जमीन मिळाली नाही, मार चालूच राहिला. आमच्या म्हाताऱ्याने तीन वर्षं आईला शोधलं. सापडली नाही. परत आला." मग म्हणाला, "आता समोर बघू द्या, नाहीतर घालीन खड्ड्यात."

पुढच्या एप्रिलमध्ये एका नदीला पूर आला. लोकांना बाहेर काढायला आम्हाला बोलावलं. मी चर्चच्या उंच आवारात रेडिओवर. माझी कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, 'टू', रूबेनच्या ट्रकची 'टू-वन'. दोन फेऱ्यांत त्याने एकोणीस माणसं आणली. १४:३५ ला कळलं की नाल्यावरच्या मोरीपलीकडच्या घरात एक म्हातारं जोडपं राहिलंय. बोट वाटेत होती. किती वेळ लागेल ते कोणालाच सांगता येईना. रूबेनचा साथीदार एका आजींना उचलून चर्चच्या हॉलमध्ये नेत होता. मी त्याच्यासाठी थांबले नाही; खाली रस्त्यावर ट्रकमध्ये रूबेन एकटाच होता.

"टू-वन, धिस इज टू. आणखी एक फेरी. ओव्हर."

"टू-वन. मोरीवर पाणी अ‍ॅक्सलच्या वर आलंय. ओढ आहे. ओव्हर."

"कळलं. जा. ओव्हर."

"रॉजर. आउट."

१४:५२ ला मोरीवरचा रस्ता वाहून गेला. ट्रक उलटला. बोट १५:२० ला आली. जोडपं माळ्यावर कोरडं बसलं होतं. रूबेन दुसऱ्या दिवशी सापडला.

चौकशी झाली. अहवालात लिहिलंय: ट्रक 'टू'च्या आदेशावरून गेला, निर्णय त्या वेळच्या माहितीनुसार योग्य. 'टू' म्हणजे मी, हे त्याच्या आईला, डोरीनला, कोणी सांगितलं नाही. अंत्यविधीत एक अधिकारी म्हणाले, तो स्वतःहून परत गेला. तिने तेच धरून ठेवलं. मीही तिथेच उभी होते. बोलले नाही. त्याला चार वर्षं झाली.

यंदा मी दगड धूत असताना डोरीन काठी टेकत आली. शेजारच्या रूबेनच्या कबरीवर अजून लाकडी पाटीच आहे. ओळ ठरेपर्यंत तिने दगड थांबवला होता. तिने कागद पुढे केला.

"वाच, सार्जंट. उद्या दुपारी कारागिराला द्यायचाय."

नाव, रँक, तारखा. खाली दोन ओळी: तो परत गेला. त्याला कोणी पाठवलं नव्हतं.

"माझ्या पणजोबांसारखाच," ती म्हणाली. "आमच्या घरात मिरवण्यासारखं एवढंच आहे."

"चांगलं आहे," मी म्हटलं आणि ब्रश धुवायला घेतला.

११ नोव्हेंबर, हुतात्मा सैनिकांचा स्मरणदिन, सकाळी सात. मोटेलमधून निघाले. मेडल्स लावली नाहीत. डोरीन स्वयंपाकघरात ओट्स ढवळत होती. मी उभ्यानेच सांगितलं. 'टू' कोण, वेळ काय, तो काय म्हणाला, मी काय म्हटलं. बोटीचंही सांगितलं.

तिने गॅस बंद केला.

"त्याला जायचं नव्हतं?"

"पाण्याला ओढ आहे म्हणाला. मी जा म्हटलं. रॉजर म्हणाला."

"घाबरला होता?"

"हो."

तिने ड्रॉवरमधून कागद काढला. पेन सापडेना. मी खिशातलं दिलं. तिने दुसरी ओळ खोडली. पहिली ठेवली.

"आता जा," ती म्हणाली. "अकराच्या मानवंदनेआधी गाडी घेऊन ये. मला कबरीपर्यंत न्यायला दुसरं कोणी नाही."

अकरा वाजता आम्ही दोघी त्या पाटीसमोर उभ्या होतो. गवत ओलं होतं. मी हात पुढे केला. तिने काठीच धरली.