पिशवी पुढे घ्या, सिन्योरा

नापोलीच्या गारिबाल्दी चौकात, स्टेशनातून बाहेर पडलं की डाव्या हाताला एर्सिलिया कापुओत्सोची वर्तमानपत्रांची टपरी आहे, आणि टपरीला लागून माझा कॉफीचा बार. सकाळी सातला मी शटर वर करतो तेव्हा तिची टपरी उघडून अर्धा तास झालेला असतो आणि तिचा आवाजही तापलेला असतो.

"पिशवी पुढे घ्या, सिन्योरा. पुढे, पोटावर. फोन आत ठेवा. आणि टॅक्सी त्या रांगेतलीच घ्या, हाताला धरून नेणाऱ्याची नको."

हे वाक्य तिला सात भाषांत येतं. सातही भाषांत चुकीचं येतं, पण कळतं. वयाची एकसष्ट वर्षं झाली आहेत, गुडघे दुखतात, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी तोरिनोला शाळेत शिकवते. दिवसभर ती वर्तमानपत्रं, बसची तिकिटं, पाण्याच्या बाटल्या विकते आणि मधल्या वेळात अनोळखी माणसांना सावध करते. खरं म्हणजे उलट. सावध करता करता मधल्या वेळात ती तिकिटं विकते.

ऐकत कुणी नाही. लोकांना वाटतं ही बाई काहीतरी गळ्यात मारतेय. हात हलवून "नो, नो, थँक यू" म्हणत ते पुढे जातात, आणि पाठीवरच्या पिशवीची चेन उघडी असते ती उघडीच राहते.

"देवाने यांना डोळे दिलेत ते फक्त फोटो काढायला," ती मला म्हणते.

"तुम्ही कशाला जीव जाळता, दोन्ना एर्सिलिया?" मी विचारतो. "सांगितलंत, संपलं."

"संपलं कुठे? तासाभराने इथेच येतात ना रडत. पोलीस चौकी कुठे आहे, दूतावास कुठे आहे, फिर्याद कशी द्यायची. सगळं मलाच विचारतात. चोरी व्हायच्या आधी मी वेडी, नंतर मी चौकशीची खिडकी."

गेल्या हिवाळ्यात एका फ्रेंच माणसाला कोपऱ्यावर कुणीतरी नवा कोरा फोन स्वस्तात देत होतं. खोकं बंद, वर चकचकीत वेष्टन. एर्सिलिया टपरीतून ओरडली, "आधी उघडून बघा." त्याने तिच्याकडे पाहिलं, हसला आणि पैसे दिले. हॉटेलवर जाऊन खोकं उघडलं तर आत भिंतीला लावायची फरशी, फोनच्या मापाने नीट कापलेली. संध्याकाळी तो ती फरशी घेऊन आला आणि एर्सिलियाच्या मासिकांवर आपटून म्हणाला, तुम्ही सगळे एकाच टोळीतले. फरशी उचलून तिने कागदांवर वजन म्हणून ठेवली. त्या दिवशी माझ्याकडे येऊन तिने साखर न घालता कॉफी प्यायली. तिचं डोकं फिरलेलं असलं की ती साखर विसरते.

त्यानंतर तिने बोर्ड केला. पांढऱ्या फळीवर लाल अक्षरांत, चार भाषांत: "इथे पिशव्या चोरीला जातात. पिशवी पुढे घ्या." जर्मन मजकूर तिने स्वतः लिहिला, बाकीचा तिच्या मुलीने फोनवर सांगितला. टपरीच्या माथ्यावर तो असा ठोकला की स्टेशनातून बाहेर येणाऱ्याच्या तो थेट डोळ्यांत घुसावा.

तिसऱ्या दिवशी सबातीनो इओविने आला. समोरच्या इमारतीत त्याच्या सहा खोल्या आहेत, पाहुण्यांना भाड्याने देतो. चौकातल्या दुकानदारांनी त्याला आपला पुढारी केलंय. माणूस वाईट नाही. छप्पन वर्षांचा, पोट सुटलेला, शर्ट कायम इस्त्रीचा. एर्सिलिया आणि तो एकाच गल्लीत वाढले, पण दोघं कधी धड बोलल्याचं मी पाहिलं नव्हतं. जुनं काहीतरी घरगुती भांडण असेल, असं मी धरून चाललो होतो.

"दोन्ना एर्सिलिया," तो म्हणाला, "तो बोर्ड काढा. पाहुणा शहरात पाऊल ठेवतो आणि पहिलं काय वाचतो? इथे चोर आहेत."

"नाहीत?"

"मिलानोत नाहीत? पॅरिसमध्ये नाहीत? तिथे कुणी असे बोर्ड लावतं का? काल एका बाईने याचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला. माझ्या दोन खोल्या रद्द झाल्या."

"मग तिची पिशवी वाचली म्हणायची."

सबातीनोने माझ्याकडे पाहिलं, जणू मी काहीतरी बोलावं. मी कप पुसत राहिलो.

आठवडाभरात नगरपालिकेचा माणूस नोटीस घेऊन आला. विनापरवाना फलक, शनिवारपर्यंत काढावा. तक्रार कुणी केली ते त्याने सांगितलं नाही आणि ते सांगायची गरजही नव्हती. एर्सिलियाने टपरी बंद केली, चांगले बूट घातले आणि परवाना काढायला गेली. पहिल्या खिडकीवर तिला दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं, दुसऱ्या खिडकीवरचा माणूस जेवायला गेला होता. तिसऱ्या खिडकीवरच्या तरुण बाईने तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही जाहिरात आहे की सार्वजनिक सूचना?"

"सूचना."

"सार्वजनिक सूचना फक्त शहर लावू शकतं."

"मग शहराने लावावी. फळी माझी, खिळे माझे."

"त्यासाठी शहराने तसं ठरवावं लागतं. जाहिरात असेल तर अर्ज आजच घेते. पण मग तुम्ही काय विकता ते लिहावं लागेल."

हे सगळं एर्सिलियाने मला बारमध्ये येऊन सांगितलं. "मी काय विकते, म्हणे. मी म्हटलं, मी अक्कल विकते, पण गिऱ्हाईकच नाही. तर ती म्हणते, अक्कल या यादीत नाही, 'इतर' लिहू का?"

मला हसू आलं. तिला आलं नाही.

शुक्रवारी, म्हणजे बोर्ड उतरवायच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला ते घडलं. सबातीनोच्या इमारतीतून एक उंच, पांढऱ्या केसांची बाई बाहेर आली. नॉर्वेची निवृत्त शिक्षिका होती, ते नंतर कळलं. हातात नकाशा, चामड्याची पर्स रस्त्याकडच्या खांद्यावर, आणि चालत होती फुटपाथच्या अगदी कडेने. मी दारात उभा होतो. पलीकडून एक स्कूटर सावकाश आली, पुढे गेली आणि वळून परत आली. वर दोघं होते, मागचा रिकाम्या हाताने बसलेला.

मी पाहिलं, पण मला काही सुचायच्या आत एर्सिलिया टपरीबाहेर होती. त्या गुडघ्यांवर ती कशी धावली कोण जाणे. ओरडत गेली, त्या बाईचा दंड धरला आणि अंगाचा सगळा भार टाकून तिला भिंतीकडे ओढलं. स्कूटरवरच्याचा हात हवेत फिरला आणि गाडी निघून गेली. दोघी बायका फुटपाथवर पडल्या. नॉर्वेच्या बाईचा चष्मा फुटला, गुडघा सोलवटला. स्कूटर तिच्या पाठीमागून आली होती, तिने ती पाहिलीच नव्हती. तिने पाहिलं ते एवढंच की एका जाड म्हातारीने किंचाळत येऊन आपल्याला पाडलं.

सबातीनो धावत खाली आला. ती बाई त्याच्याशी इंग्रजीत बोलत होती, एर्सिलियाकडे बोट दाखवत होती. एर्सिलिया भिंतीला टेकून श्वास घेत होती.

"तिला सांग," ती म्हणाली, "खांद्यावर हात लावून बघ म्हणावं. पर्स आहे का बघ."

सबातीनोने हे सांगितलं नाही. तो कमरेत वाकला आणि म्हणाला, "सॉरी, मॅडम. व्हेरी सॉरी."

सॉरी हा शब्द एर्सिलियाला कळतो. मी त्या बाईला आत खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत स्कूटरचं सांगायचा प्रयत्न केला. तिला पटलं की नाही, मला आजही माहीत नाही. जखमेला पट्टी लावून ती वर खोलीत गेली. बारमध्ये आम्ही तिघंच उरलो. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. एर्सिलिया मात्र खुर्ची ओढून बसली आणि अगदी हळू आवाजात बोलली.

"चौऱ्याऐंशीचा जून. गुरुवार होता. स्कूटर हिरवी होती, सबाती."

सबातीनो दारापर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला.

"मी बाबांच्या जागी टपरीवर बसले होते. तू वळलास तेव्हाच मला कळलं तू काय करणार. पुढे चाललेल्या त्या बाईला हाक मारायला वेळ होता. चांगला वेळ होता. पण तू आमच्या गल्लीतला, तुझ्या आईकडे मी शिवण शिकायला यायचे. मी तोंड उघडलं नाही."

मग तिने मला सांगितलं. जर्मन बाई होती, हान्नेलोरे नावाची. पर्सचा पट्टा तिने गळ्यातून आडवा घातला होता, तो लगेच तुटला नाही, आणि तुटेपर्यंत स्कूटरने तिला सात-आठ पावलं फरफटत नेलं. खुब्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिका येईपर्यंत बावीस वर्षांची एर्सिलिया तिचा हात धरून बसली. पुढचे सहा आठवडे रोज इस्पितळात सूप आणि लिंबं घेऊन जात राहिली, कारण त्या बाईचं इथे कुणी नव्हतं. जर्मन भाषेतली पहिली वाक्यं ती त्या खाटेशेजारी शिकली. पोलिसांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तिने सांगितलं, मी पाठमोरी होते.

"ती मला म्हणायची, तू किती चांगली मुलगी आहेस," एर्सिलिया म्हणाली. "सहा आठवडे रोज म्हणायची."

सबातीनो येऊन तिच्यासमोर बसला.

"मी सतरा वर्षांचा होतो," तो म्हणाला.

"आणि ती एकसष्टची. आज माझं वय आहे तेवढी."

"पर्समध्ये काय होतं माहितीये? चष्मा, कंगवा आणि एक पोस्टकार्ड. अर्धं लिहिलेलं. मी ते बंदरात फेकून दिलं. स्कूटर महिन्याभरात विकली. पुन्हा कधी केलं नाही."

"म्हणून आता तू मला सांगणार, बोर्ड काढ?"

"तू इतकी वर्षं हे घेऊन बसलीस, मला काय माहीत? मला वाटायचं त्या दिवशी तू मला ओळखलंच नाहीस."

"न ओळखून कसं चालेल? रोज समोर दिसतोस. इस्त्रीच्या शर्टात."

मी तिघांसाठी कॉफी केली, कारण दुसरं काय करावं ते मला कळेना. शेवटी त्याने विचारलं, "तुला काय हवंय ते सांग."

"बोर्ड."

"बोर्ड नाही. तेवढं सोडून बोल. माझ्यावर आठ माणसांचं पोट आहे, आणि बाकीचे दुकानदार मला जगू देणार नाहीत. ती सूचना मी माझ्या खोल्यांत लावतो. सहाही खोल्यांत."

शनिवारी तिने बोर्ड उतरवला. सबातीनोने शब्द पाळला, तेही आपल्या पद्धतीने. दहा दिवसांनी एर्सिलिया वर जाऊन बघून आली आणि माझ्याकडे आली ती तणतणतच.

"दाराच्या मागे. समजलं? दाराच्या मागे लावलंय. वर खोली किती वाजता सोडायची ते, मग टॉवेलचे नियम, मग सिगारेट ओढू नये, आणि सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरांत माझं वाक्य. मी चष्मा लावून वाकले तरी वाचता आलं नाही. आणि सुरुवात काय केलीय? 'आमचं शहर प्रेमळ माणसांचं आहे, तरीही...'"

"निदान लावलं तरी ना," मी म्हटलं.

"तू पण त्यांच्यातलाच."

तिने त्याच्याकडून कागद पुन्हा छापून घेतला. 'प्रेमळ' काढायला लावलं. अक्षरं थोडी मोठी झाली. दारामागून कागद आरशाशेजारी आला, त्यासाठी आणखी दोन आठवडे भांडण झालं. इतक्या वर्षांत जे दोघं बोलले नव्हते, ते आता रोज माझ्या बारमध्ये उभे राहून अक्षरांच्या आकारावरून वाद घालतात. मैत्री झाली म्हणवत नाही. एर्सिलिया त्याला माफ करत नाही आणि तो मागतही नाही. त्या नॉर्वेच्या बाईने जाताना त्याच्या खोल्यांबद्दल चांगलं लिहिलं आणि शेवटी एक ओळ टाकली, की चौकातल्या वर्तमानपत्रवाल्या बाईपासून सांभाळा. सबातीनोने ती ओळ एर्सिलियाला दाखवली नाही. मला दाखवली.

आणि चोऱ्या होतातच. सप्टेंबरात त्याच्याच पाहुण्यांपैकी एका जोडप्याचा फोन भर रस्त्यात हातातून गेला. आरशाशेजारचा कागद त्यांनी वाचला होता, आवडलाही होता. खोलीतली गंमत म्हणून त्यांनी त्याच फोनने त्याचा फोटो काढला होता. फिर्याद कुठे द्यायची ते विचारायला ते टपरीवर आले, तेव्हा एर्सिलियाने त्यांना रस्ता समजावून सांगितला आणि मग पाच मिनिटं टपरीच्या आत खाली बसून राहिली. मी पाणी घेऊन गेलो तर म्हणाली, "काही झालं नाही. दमले."

बोर्ड सध्या माझ्या कोठारात आहे, कॉफीच्या पोत्यांमागे. तिच्या टपरीत जागा नाही म्हणून मी ठेवून घेतला. बारच्या आतल्या भिंतीवर लावायला कुणाच्या परवान्याची गरज नाही, हे तिला माहीत आहे आणि मलाही. ती दर आठवड्याला विचारते. मी दर आठवड्याला बघतो म्हणतो. माझी अर्धी गिऱ्हाइकं तेच पाहुणे आहेत. कॉफी पिता पिता समोर लाल अक्षरं दिसली तर कॉफी गळ्याखाली उतरेल का, हा विचार माझ्या मनात येतो. हे मी तिला तोंडावर सांगितलेलं नाही, पण तिला कळलं असणार.

परवा तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, सुट्ट्यांचा हंगाम संपू दे. तिने कपातली उरलेली कॉफी तशीच ठेवली आणि बाहेर गेली, कारण विमानतळाची बस येऊन थांबली होती आणि चाकांच्या बॅगा ओढत तीसेक माणसं फोन हातात धरून खाली उतरत होती.